जठराचा कर्करोग आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे रुग्ण आणि त्यांची माणसे ओपीडीत जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. सर्जन म्हणून मी समोर बसून जशी उत्तरे देते तशीच लिहिली आहेत. तुमच्या माणसाचा निर्णय मात्र त्याचे रिपोर्ट हातात असलेल्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

"पोट काढणार" म्हणजे नक्की काय काढणार?

पहिला घोटाळा या शब्दापाशीच होतो. आपण छातीखालच्या सगळ्यालाच पोट म्हणतो. काढायचे असते ते जठर, म्हणजे गिळलेले अन्न ज्या पिशवीत जाऊन पडते ती. लहान आतडे, मोठे आतडे, यकृत, स्वादुपिंड जागच्या जागी राहतात. अन्न पचवण्याचे आणि शोषण्याचे बरेचसे काम लहान आतडे करते, म्हणून जठराशिवाय माणूस जगू शकतो. बाहेर मलमूत्राची पिशवी लावावी लागत नाही. ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि कितीतरी जण ती विचारायला लाजतात.

बाबा दोन वर्षे पित्ताच्या गोळ्या घेत होते. आम्ही उशीर केला का?

हा प्रश्न विचारताना मुलांचे डोळे भरून येतात. या आजाराची सुरुवात खरोखरच पित्तासारखी वाटते: जळजळ, ढेकर, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे होणे. गोळीने काही दिवस बरे वाटते आणि संशय मागे पडतो. मागचे उकरून स्वतःला टोचत बसू नका. पण घरात दुसऱ्या कुणाचे पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पित्त सुरू झाले असेल, वजन उतरत असेल, गिळताना अडकत असेल, रक्त कमी झाले असेल किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल, तर गोळी बदलून बघू नका, एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून जठर आतून बघणे) करून घ्या. ती काही मिनिटांत होते.

एंडोस्कोपीने गाठ दिसली. मग त्याच नळीने ती काढून का टाकत नाहीत?

काही वेळा काढतात. गाठ अगदी आतल्या अस्तरापुरती असेल, लहान असेल, तिच्यावर जखम नसेल आणि बायोप्सीत, म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत, पेशींचा प्रकार कमी आक्रमक निघाला असेल, तर एंडोस्कोपीनेच अस्तर खरवडून ती काढता येते. जपान आणि कोरियात तपासण्या नियमित होत असल्याने असे रुग्ण पुष्कळ सापडतात. आपल्याकडे बहुतेक जण गाठ भिंतीत खोल गेल्यावर येतात. तेव्हा लसिका ग्रंथींमध्ये, म्हणजे जठराभोवतीच्या बारीक गाठींमध्ये, कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या असण्याची शक्यता असते, आणि एंडोस्कोपीच्या नळीला ग्रंथींपर्यंत जाता येत नाही.

सीटी स्कॅन झाला आहे, तरी "आधी दुर्बिणीने बघू" म्हणतात. कशासाठी?

पोटाच्या आतल्या आवरणावर तांदळाच्या कणीएवढे ठिपके पसरलेले असतील, तर सीटीत ते निसटू शकतात. दुर्बिणीने, म्हणजे पोटाला लहान छेद घेऊन आत घातलेल्या कॅमेऱ्याने, ते डोळ्यांना दिसतात. त्याच वेळी पोटात सलाइन सोडून, ते परत खेचून त्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का, हेही तपासतात. आजार तिथे पोहोचला असेल तर जठर काढून सहसा फायदा होत नाही. रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेतून जातो आणि केमोला मात्र उशीर होतो. ही पायरी टाळू नका, असे मी प्रत्येकाला सांगते.

आधी केमो कशाला? गाठ आत ठेवून थांबायचे?

गाठ भिंतीत खोल गेली असेल किंवा ग्रंथी मोठ्या दिसत असतील, तर आज बहुतेक ठिकाणी आधी केमो देतात. फ्लॉट नावाची चार औषधांची पद्धत जास्त वापरली जाते: दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे चार वेळा शस्त्रक्रियेपूर्वी आणि चार वेळा नंतर. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात या पद्धतीने निम्मे रुग्ण ५० महिन्यांहून अधिक जगले. जुन्या पद्धतीत हा आकडा ३५ महिन्यांचा होता. ते दोन महिने फुकट जात नाहीत. गाठ आकसते, आणि रुग्णाला अंगात ताकद भरायलाही वेळ मिळतो: रोज चालणे, अंडी, नुस्ते (मासे), डाळ, आणि तंबाखू पूर्ण बंद.

पूर्ण जठर काढायचे की अर्धे, हे कशावरून ठरते?

गाठ कुठे आहे त्यावरून. ती खालच्या भागात, म्हणजे आतड्याकडच्या तोंडाजवळ असेल तर खालचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढून वरचा ठेवतात. वर, अन्ननलिकेजवळ असेल किंवा आजार भिंतीतून पसरत गेलेला असेल तर सहसा पूर्ण काढावे लागते. गाठीपासून काही सेंटिमीटर निरोगी भागही काढावा लागतो. पसरत जाणाऱ्या प्रकारात सुमारे ५ सेंटिमीटर. "डॉक्टर, थोडे तरी ठेवा," अशी विनवणी होते. ठेवता येत असेल तर आम्ही ठेवतोच, कारण उरलेल्या जठराने पुढचे जेवण पुष्कळ सोपे होते. पण कापलेल्या कडेवर आजार राहिला तर त्या ठेवलेल्या भागाचा उपयोग नाही.

दुर्बिणीतून करताना आत नक्की काय काय होते?

याचे उत्तर सविस्तर देते, कारण "चार भोके पाडतात आणि काढतात" एवढेच ऐकून लोक सही करतात.

पूर्ण भूल दिल्यावर डोक्याकडची बाजू थोडी उंच करतात, म्हणजे आतडी खाली सरकतात. बेंबीजवळच्या छेदातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर येते आणि काम करायला जागा होते. एका छेदातून कॅमेरा, आणि ५ ते १२ मिलिमीटरच्या आणखी चार छेदांतून लांब हत्यारे जातात. यकृताचा डावा भाग जठरावर पांघरलेला असतो, तो उचलून धरतात.

मग जठराच्या खालच्या कडेला लोंबणारा चरबीचा पदर मोठ्या आतड्यापासून सोडवतात. यासाठी जे हत्यार लागते त्याचे पाते सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा थरथरते; त्या उष्णतेने बारीक रक्तवाहिन्या कापता कापताच बंद होतात. जठराला रक्त आणणाऱ्या चार मुख्य वाहिन्या आहेत, दोन वरच्या कडेने आणि दोन खालच्या कडेने. त्या क्लिप लावून मुळापाशी कापतात.

मुळापाशीच का? कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाटाच्या काठाकाठाने पोफळी उभ्या असतात, तशा लसिका ग्रंथी रक्तवाहिन्यांच्या काठाने असतात. कर्करोगाच्या पेशी त्याच वाटेने पुढे सरकतात. जठराला लागून असलेल्या ग्रंथी काढल्या तर तिला डी१ म्हणतात. त्यांच्यासोबत यकृताकडे आणि प्लीहेकडे जाणाऱ्या धमन्यांवरच्या आणि त्या जिथून फुटतात त्या मुळावरच्याही काढल्या तर डी२. गाठ खोल असेल तर डी२ हवी. या ग्रंथी स्वादुपिंडाच्या वरच्या काठाला बिलगून बसलेल्या असतात, आणि स्वादुपिंड फार हळवे असते. त्याला चिमट्यात धरायचे नाही, नुसते गॉजने हलकेच खाली दाबायचे. तिथे आम्ही कमी बोलतो आणि सावकाश काम करतो. कॅमेऱ्यातून सगळे मोठे दिसते, त्याचा खरा फायदा याच ठिकाणी होतो. काही ठिकाणी आदल्या दिवशी एंडोस्कोपीने गाठीभोवती हिरवा रंग टोचतात. खास प्रकाशात ग्रंथी चमकतात आणि मागे राहत नाहीत.

शेवटी जठराच्या खाली आतडे आणि वर जठर किंवा अन्ननलिका स्टेपलरने कापतात. स्टेपलर एकाच वेळी दोन्ही बाजू शिवतो आणि मधून कापतो. वरची कड साफ आहे का अशी शंका असेल तर तिचा तुकडा तेव्हाच पॅथॉलॉजीत पाठवून उत्तर येईपर्यंत थांबतात.

एवढे मोठे जठर एवढ्याशा भोकातून बाहेर कसे येते?

भोकातून येत नाही. जठर आतच प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, मग बेंबीजवळचा छेद ४ ते ६ सेंटिमीटर वाढवून किंवा ओटीपोटावर आडवा छेद घेऊन पिशवी बाहेर ओढतात. पिशवीमुळे गाठ जखमेला घासत नाही.

जठर गेल्यावर अन्नाचा रस्ता कसा जोडतात?

पूर्ण जठर काढल्यावर लहान आतड्याचा एक पदर वर आणून अन्ननलिकेला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस घेऊन येणारा दुसरा पदर ४० ते ५० सेंटिमीटर खाली जोडतात, म्हणजे पित्त घशाकडे चढत नाही. इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. या जोडणीला रू-अँ-वाय म्हणतात. अर्धे जठर काढले असेल तर उरलेले जठर थेट ग्रहणीला, म्हणजे पलीकडच्या आतड्याला, किंवा लहान आतड्याच्या वळशाला जोडता येते. त्या दोन पद्धतींना बिलरोथ एक आणि दोन म्हणतात. थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८८१ च्या जानेवारीत कर्करोगासाठी जठराचा भाग काढला, आणि रुग्ण त्या शस्त्रक्रियेतून वाचल्याची ती पहिली वेळ होती. त्या बाई पुढे काही महिनेच जगल्या, पण रस्ता तिथून खुला झाला.

वाय जोडणीत आतड्यांच्या पडद्यांमध्ये फटी राहतात. त्या टाके घालून बंद कराव्या लागतात, नाहीतर वजन उतरल्यावर काही महिन्यांनी आतडे त्या फटीत अडकू शकते. ऑपरेशनला वर्ष झालेल्या माणसाच्या पोटात अचानक पिळवटून कळा आल्या तर ओवा-पाणी देऊन वाट बघू नका. थेट इस्पितळात न्या आणि आधीचे ऑपरेशन सांगा.

लहान छेदातून केले म्हणजे आजार आत राहणार नाही ना?

हा रास्त प्रश्न आहे, आणि आम्हा सर्जनांनाही तो बरीच वर्षे पडलेला होता. जपानमध्ये सेइगो कितानो यांनी १९९१ साली दुर्बिणीच्या साहाय्याने पहिल्यांदा कर्करोगाचे जठर काढले. त्यानंतर जवळपास ३० वर्षे मोजणी चालली. कोरियातल्या क्लास-०१ अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातले १,४१६ रुग्ण होते. दुर्बिणीच्या गटात पाच वर्षांनी ९४.२ टक्के हयात होते, पोट उघडून केलेल्या गटात ९३.३ टक्के, आणि जखमेचे त्रास दुर्बिणीच्या गटात कमी होते. पुढच्या टप्प्यातल्या गाठींसाठी चीनमध्ये १,०५६ रुग्णांवर अभ्यास झाला (उच्चाराने त्याचेही नाव क्लास-०१च, म्हणून गोंधळ होतो). तीन वर्षांनी आजार परत न आलेले दुर्बिणीच्या गटात ७६.५ आणि पोट उघडून केलेल्या गटात ७७.८ टक्के, म्हणजे फरक नाही म्हणण्याइतकाच.

हे दोन्ही अभ्यास जठराचा खालचा भाग काढण्याचे आहेत. पूर्ण जठरासाठीचा पुरावा लहान आहे. युरोपात केमोनंतरच्या ९६ रुग्णांवरच्या अभ्यासात दोन्ही पद्धतींनी निघालेल्या ग्रंथींची संख्या सारखीच होती. आणि या अभ्यासांतले सर्जन हे काम नेहमी करणारे होते. आकडे वाचताना ही गोष्ट विसरू नका.

मग आम्ही सर्जनला काय विचारायचे?

"किती भोके?" हे विचारू नका. हे विचारा: माझ्या माणसाला डी२ करणार का? वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही करता? जोड गळला तर रात्री-अपरात्री सीटी, एंडोस्कोपी आणि आयसीयू इथेच मिळेल का? मला कुणी हे विचारले तर राग येत नाही, उलट बरे वाटते. आणि नंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घेऊन दोन ओळी बघा: कडा साफ आहेत का, आणि किती ग्रंथी तपासल्या. टप्पा नीट ठरायला किमान १६ ग्रंथी तपासलेल्या हव्यात.

रोबोटने केले तर जास्त चांगले?

रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन बाजूला बसून त्याचे हात चालवतो. त्या हातांना मनगट असते, त्यामुळे स्वादुपिंडाच्या काठाचे आणि जोडाचे काम सोपे होते. आजार बरा होण्याच्या दृष्टीने तो साध्या दुर्बिणीपेक्षा सरस असल्याचे ठामपणे सिद्ध झालेले नाही, आणि खर्च बराच जास्त येतो. रोबोटसाठी भाट (बागायत) विकायला काढणाऱ्या कुटुंबाला मी थांबवते.

दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावे लागले तर?

तर सर्जनने योग्य वेळी योग्य निर्णय घेतला असे समजा. रक्तस्राव, आधीच्या ऑपरेशनमुळे चिकटलेली आतडी, अपेक्षेपेक्षा मोठी गाठ, अशी कारणे असतात. काही जणांना तर सुरुवातीलाच उघडून करणे बरे: गाठ शेजारच्या अवयवात घुसलेली असेल, जठर फुटले असेल, किंवा हृदय-फुप्फुसांना वायूचा दाब सोसणार नसेल.

धोके कोणते?

सगळ्यात मोठी काळजी जोड गळण्याची, त्यातही अन्ननलिकेच्या जोडाची. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत ताप, नाडी जलद चालणे, धाप, डाव्या खांद्यात दुखणे, पोटातले पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळीतले पाणी गढूळ होणे ही लक्षणे आम्ही शोधत असतो. ग्रहणीचे बंद केलेले तोंड गळणे, स्वादुपिंडाचा रस झिरपणे, रक्तस्राव, न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी हे बाकीचे. यातले न्यूमोनिया आणि गुठळी टाळणे बरेचसे तुमच्या हातात आहे: दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसवा, चालवा, आणि तीन छोट्या चेंडूंचे श्वासाचे उपकरण दर तासाला ओढायला लावा. "दुखतेय, झोपू दे त्यांना," ही माया इथे उपयोगाची नाही.

सगळे सुरळीत झाले तर साधारण आठवडा ते दहा दिवसांत घरी.

घरी आल्यावर जेवायचे कसे?

स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने हे उत्तर दोनदा वाचावे.

जठर हे कोठार होते. ते गेले, म्हणून दिवसातून सहा ते आठ वेळा, वाटीभरच. प्रत्येक घास पेजेसारखा होईपर्यंत चावायचा. पाणी आणि पातळ पदार्थ जेवणाबरोबर नको, अर्धा तास आधी किंवा नंतर. त्यामुळे ताटाशेजारची सोलकढीही थोडी लांबवा.

सुरुवातीला उकड्या तांदळाची घोटलेली पेज, मग मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेले अंडे, दही. नुस्ते लवकर सुरू करता येते. मुडदुशा आपल्याकडे बाळंतिणीला आणि आजाऱ्याला देतात, ते इथेही उत्तम: मऊ, कमी तेलाचे आणि प्रथिनांनी भरलेले. हुमण (माशांची आमटी) करताना तिखट कमी, एवढेच. नाचणीचे तिजन चांगले, पण गूळ घालू नका. गोड पदार्थ जठरात न थांबता थेट आतड्यात उतरला की दहा मिनिटे ते अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. कधी एक-दोन तासांनी साखर उतरून चक्कर येते. चवथीच्या नेवऱ्या आणि पायस समोर आले की घरचे "एक तरी घे" म्हणतात. पहिल्या वर्षी तो आग्रह करू नका.

जेवल्यावर थोडा वेळ बसा, लगेच आडवे होऊ नका. रात्री उशाकडची बाजू उंच ठेवा. वजन उतरणारच, पहिल्या काही महिन्यांत बरेच. ते पुढे स्थिरावते. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा आणि उतरतच राहिले तर दाखवायला या.

बी-१२ची इंजेक्शने किती दिवस?

पूर्ण जठर काढले असेल तर आयुष्यभर. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरच बनवते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि लोक इंजेक्शन सोडून देतात. मग हातापायांना मुंग्या येतात, चाल डगमगते, आणि नसांची ती इजा पूर्ण भरून येईलच असे नाही. जवळच्या आरोग्य केंद्रातही इंजेक्शन घेता येते. किती दिवसांनी ते तुमचे डॉक्टर सांगतील. लोह आणि कॅल्शियमही तपासत राहा.

आजार कशामुळे झाला? खारे, फेणी?

सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच त्याला कर्करोगकारक ठरवले. तो जठरात वर्षानुवर्षे राहतो, आणि बहुतेकांना त्यातून कर्करोग होतही नाही. तंबाखू, सतत खारवलेले आणि धुरावलेले खाणे, जास्त दारू यांनी धोका वाढतो. पावसाळ्यात कधीतरी भाजलेला सुका बांगडा खाल्ल्याने आजार झाला असे कुणाला सांगू नका. अर्धे जठर ठेवले असेल तर या जिवाणूची तपासणी आणि औषधे जरूर घ्या.

गोव्यातच करावे की मुंबईला न्यावे? खर्चाचे काय?

सुरुवात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपासून करा. एंडोस्कोपी, बायोप्सी, सीटी तिथे होते आणि पुढची दिशा कळते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत आधार असतो. कार्डाचे नूतनीकरण झाले आहे का, हे आजच बघा. भरती होण्याच्या आदल्या दिवशी धावपळ नको.

मुंबईत टाटा मेमोरियलला जायचे ठरले तर कोकणकन्येत बसण्यापूर्वी बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचा (स्लाइड), सीटीची सीडी आणि केमोची नोंद सोबत घ्या. नुसता कागदी रिपोर्ट नेला तर तपासण्या पुन्हा होतात आणि दिवस जातात. मुंबईत ऑपरेशन आणि गोव्यात केमो अशी वाटणीही करता येते. मात्र ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन आठवडे ते केलेल्या इस्पितळाजवळच राहा.

बाबांना सांगितलेले नाही. "अल्सर आहे" म्हणालो. तुम्हीही तसेच सांगाल का?

नाही. मी खोटे सांगणार नाही, पण एका दमात सगळे ओतणारही नाही. ज्यांना अल्सर सांगितलेला असतो ते केमोच्या दुसऱ्या खेपेला "आता बस" म्हणतात, आणि ते बरोबरच वाटते त्यांना. अल्सरसाठी केस गळेपर्यंत औषध कोण घेईल? त्यांना किती जाणून घ्यायचे आहे ते मी विचारते आणि तेवढेच सांगते. तुम्ही बाजूला बसा. बहुतेक वेळा त्यांना आधीच कळलेले असते, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून तेच गप्प असतात.

कामावर परत कधी जाता येईल?

बसून करायचे काम साधारण दीड-दोन महिन्यांत, नंतरच्या केमोचे दिवस सोडून. घागर, पोती, सिलिंडर असले जड ओझे तीन महिने नको, छेद लहान असला तरी. कुळागरात फेरफटका मारायला पहिल्या महिन्यातच जा, पण पोफळीवर चढू नका. स्कूटर दुखायचे थांबल्यावर आणि झोप आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्यावर. आत राहिलेल्या स्टेपलरच्या पिना टायटॅनियमच्या आणि बारीक असतात. त्यांच्यामुळे पुढे एमआरआय करायला सहसा अडचण येत नाही. तपासणीच्या वेळी ऑपरेशन झाल्याचे तेवढे सांगा.